चावडी पाडणार आहेत, भिंतीतल्या दगडाचं काय करू?

तारळीकाठ
मंडळी, सल्ला हवाय.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, दीड-दोन हजार वस्तीचं. जुन्या चावडीच्या दर्शनी भिंतीत हातभर लांबीचा पांढरा संगमरवरी दगड आहे. त्यावर इंग्रजीत एवढंच कोरलंय की १९१४-१९१९ च्या महायुद्धावर या गावातून २७ माणसं गेली आणि त्यातल्या ४ जणांनी प्राण दिले. संपलं. नाव एकाचंही नाही. लहानपणी त्याच दगडाला टेकून आम्ही गोट्या खेळलोय. मास्तरांनी एकदा वाचून अर्थ सांगितला होता, तेव्हा कळलं की ही पंपाची जाहिरात नाही.

आता चावडी पाडून ग्रामपंचायतीची दुमजली इमारत होणार आहे. ग्रामसभेत दगडाचं विचारलं तर उत्तर आलं, "पुढं टाईल्स लावायच्यात, मॅच होणार नाही." हसू नका, खरंच असं उत्तर मिळालं. दुसरे एकजण म्हणाले, २०२३ ला 'माझी माती माझा देश'मध्ये शिलाफलक बसवलाय की, त्यात सगळे आले. त्या फलकावर ७१ च्या लढाईत गेलेल्या आमच्या गावच्या एका जवानाचं नाव आहे, ते असायलाच पाहिजे. पण हे चौघं त्यात नाहीत, कारण त्यांची नावंच कुणाला ठाऊक नाहीत.

तर दोन प्रश्न. दगड न फोडता भिंतीतून कसा काढायचा? आणि ही चार नावं शंभर वर्षांनी सापडतील का?

मिरची_भजी
वाचनखूण साठवली. वाचतोय.

पेठेतला
मिलिटरी अपशिंग्याला जाऊन या. तुमच्याच जिल्ह्यात आहे. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. तिथंही इंग्रजांनी असाच स्मृतिस्तंभ दिला, पण गावानं तो मिरवला. गावाच्या नावातच मिलिटरी आलं. घरटी एक तरी फौजी, आणि तरणी पोरं पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. तिकडच्या माजी सैनिकांना भेटलात तर तुमच्या ग्रामसभेत बोलायला येतीलसुद्धा. टाईल्सवाल्यांचं काम आपोआप होईल.

निष्पक्ष_नाना
मी जरा वाईट बोलणार आहे, आधीच माफी.

हे लोक लढले कोणासाठी? इंग्रजांच्या साम्राज्यासाठी. इराकच्या तेलासाठी. आपल्या देशावर राज्य करणाऱ्याचा पगार घेऊन तिसऱ्याच देशात, ज्यांच्याशी आपलं काही भांडण नव्हतं अशा माणसांवर गोळ्या झाडायला गेले. दगड संग्रहालयात द्या, इतिहास म्हणून ठीक आहे. पण ग्रामपंचायतीच्या दारात लावून १५ ऑगस्टला त्याला हार घालायचा? मला पटत नाही. ७१ च्या जवानाच्या ओळीत यांना बसवू नये.

सुभेदार_निवृत्त
नाना, तुमचा मुद्दा नवीन नाही, आमच्या मेसमध्येही यावर वाद व्हायचे. पण १९१४ साली शिपायाला महिना ११ रुपये होते. माणदेश-खटावकडं पाऊस नाही, सावकाराचा कागद घरात, आणि पलटणीचा भरतीवाला दारात. त्या पोरानं साम्राज्य वगैरे शब्द ऐकलाही नसेल. घर सोडलं ते त्या ११ रुपयांसाठी.

आणि एक विचारू का? त्याच काळात रेल्वेत, तारखात्यात, कलेक्टर कचेरीत नोकरी केलेल्यांचे फोटो आपल्या घरोघरी फेटा बांधून भिंतीवर आहेत. त्यांना कोणी विचारत नाही, पगार कोणाचा घेतलात म्हणून.

निष्पक्ष_नाना
फोटो माझ्याही घरी आहे. पणजोबा पोस्टमास्तर. लागलं.

पण पोस्टमास्तरानं कुणावर गोळी झाडली नाही, तेवढा फरक धरा.

केसरीवाचक
अवांतर होतंय, पण राहवत नाही. सैन्यभरतीला खुद्द टिळकांचा सरसकट विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं, माणसं देतो, पण स्वराज्याचं काय ते बोला. जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डननं युद्धपरिषद बोलावली. टिळक उठले, सहकार्याच्या जोडीला स्वराज्याचा विषय काढला, गव्हर्नरनं मध्येच अडवलं, तसे टिळक सभा सोडून बाहेर पडले. म्हणजे 'इंग्रजांचे चाकर' आणि 'देशभक्त' असे दोनच रकाने तेव्हाच्या माणसांनाही पुरत नव्हते.

मिरची_भजी
बघा, तिसाव्या प्रतिसादाच्या आत टिळक आले. पैज जिंकलो, चहा द्या.

दगडधोंडे
मी वीरगळांच्या मागे फिरणारा माणूस, म्हणून थोडं माझं घोडं दामटतो.

आपल्याकडं लढाईत पडलेल्याचा दगड उभा करणं इंग्रजांनी शिकवलेलं नाही. गावोगाव मारुतीच्या देवळामागं वीरगळ पडलेले असतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा पळवलेली गुरं, त्यावर अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं बसलेला आणि टोकाला चंद्र-सूर्य. कर्नाटकात अशा दगडांवर लेख पुष्कळ सापडतात. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. म्हणजे बिननावाचा वीर ही आपली जुनी सवय आहे. फरक एवढाच की आपण काही पिढ्यांनी त्याला शेंदूर फासतो, म्हसोबा करतो आणि नवस बोलतो. तुमच्या दगडावर इंग्रजी होतं म्हणून शेंदरातून वाचला.

दगड काढण्याबद्दल: जेसीबी लावायच्या आत काढा. संगमरवराची लादी पातळ असते, पहार घालून उचकटली की कोपरा गेलाच. भोवतीचा चुना छिन्नीनं हळूहळू मोकळा करायचा, खालून फळी द्यायची, आणि लादी सुटत नसेल तर मागच्या दोन विटा धरून एकसंध काढायची. गवंडी म्हातारा बघा. तरुण गवंडी ग्राइंडर काढतो. आणि ॲसिडनं धुवू नका, हात जोडतो. साधं पाणी, मऊ ब्रश.

बसरा_ते_बेळगाव
उशीर झाला यायला. थोडं लांब लिहितो.

नावं नसण्याला एक कारण आहे आणि ते फक्त तुमच्या चावडीपुरतं नाही. मराठा पलटणींची सर्वात जास्त माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. आमच्याकडचे म्हातारे 'बसऱ्याला गेला' म्हणत. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन जनरल टाउनशेंडबरोबर टायग्रिसच्या काठानं वर गेली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुट-अल-अमाराला अडकली. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली आणि आपल्या शिपायांनी धर्मापायी कितीतरी दिवस ते मांस खाल्लं नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. १३ हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या हाती लागली. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, पुष्कळांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यातले किती वाटेत राहिले याची मोजदाद करणारेच वाटेत राहिले. ११७ व्या पलटणीला पुढं 'रॉयल' पदवी मिळाली, ती याच वेढ्याबद्दल.

आता नावांचं. या आघाडीवर मेलेल्या, थडगं नसलेल्या ४० हजारांवर माणसांचं स्मारक बसऱ्याला झालं. गोऱ्या सैनिकांची नावं शिपायापर्यंत कोरली. हिंदी लोकांपैकी फक्त अधिकाऱ्यांची, म्हणजे सुभेदार-जमादारांची. बाकीच्यांचा पलटणीनुसार आकडा: 'आणि इतर इतके हिंदी सैनिक'. तुमचा चावडीचा दगड आणि बसऱ्याची भिंत एकाच हिशेबातली. ते स्मारकही १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमानं मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवलं. तेव्हा चावडी पाडणारी तुमची ग्रामपंचायत एकटी नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं, म्हणजे युद्धात मेलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेनं, स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. त्यात ४५ ते ५४ हजार आशियाई-आफ्रिकी लोकांचं स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीनं झालं नाही असं म्हटलंय. ज्यांचं नाव कुठंच नाही ते वेगळे, लाखाच्या वर.

पण तारळीकाठ, यात तुमच्यासाठी चांगली बातमी लपलेली आहे. नावं दगडावर कोरली नाहीत, वहीत मात्र लिहिली होती. आणि ती वही आता कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येते.

तारळीकाठ
अंगावर काटा आला. म्हणजे नावं होती आणि तरी कोरली नाहीत?

बसरा_ते_बेळगाव
होय.

शोधयात्री
मी आमच्या आजोळच्या दोघांना असंच शोधलंय, म्हणून युक्त्या सांगते.

गावाच्या नावानं थेट शोधू नका, सापडणार नाही. आधी पलटण धरा, मग 'जादा माहिती'च्या रकान्यात सातारा बघा. तिथं बहुधा बापाचं नाव, गाव, तालुका असं असतं. तालुका जुना धरायचा, सीमा बदलल्यात. स्पेलिंग हा मोठा विनोद आहे: जावळीचं जाओली, खटावचं खटाओ, आणि गावाच्या नावात गोऱ्या कारकुनाला जे ऐकू आलं ते. गावाचं नाव मोठ्यांदा दहा वेळा चुकीचं म्हणा आणि प्रत्येक चूक शोधून बघा. आडनाव कधी असतं, कधी नसतं.

कोणीतरी तुम्हाला लाहोरच्या रजिस्टरांचं सांगेल. लाहोर म्युझियममध्ये ३ लाख २० हजार सैनिकांच्या गावनिहाय नोंदी सापडल्या आणि २०२१ ला ऑनलाइन आल्या हे खरं, पण त्या पंजाबच्या. तिकडं वेळ घालवू नका.

कांबळे_सर
एक गोष्ट कोणी बोललं नाही. तारळीकाठ, ते २७ कोण होते हे गावात विचारताना फक्त गावठाणात विचारू नका.

महारांची लष्करभरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली होती. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी ती परत सुरू व्हावी म्हणून सरकारकडं अर्ज केला. मग महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार ही पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ ला मोडली. त्याशिवाय खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे, हमाल, मोची, भंगी असे हजारो 'फॉलोअर' म्हणून गेले. कुटच्या वेढ्यात तेही होते. पगार कमी, बंदूक नाही, मरण तेच. आमच्या वस्तीत अशा एका माणसाची गोष्ट आहे. पण गावच्या कार्यक्रमात ती कोणी सांगायला बोलावलं नाही.

तारळीकाठ
सर, खरं सांगतो, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. या रविवारी वस्तीत जातो.

खाडीपलीकडे
कोकणाचंही लिहून ठेवतो. आमच्या दापोली-खेडकडचे लोक पलटणीत गेले तसे बोटींवरही गेले. खलाशी, आगवाले, भंडारी. पाणबुडीनं बोट बुडवली की दगड ना कबर. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या २ हजारांवर खलाशांचं स्मारक आहे. मी तिथून रोज लोकलनं जायचो, वीस वर्षांत एकदाही उतरलो नाही. मागच्या वर्षी उतरलो. ही माणसं तुमच्या 'महायुद्धावर गेली' मध्ये मोजली असतील का, मला शंका आहे.

माणगावकर
आमच्याकडची गोष्ट जरा सुखाची आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, दुसऱ्या महायुद्धात इटलीत तिसऱ्या मराठा बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४. सेक्शनमधले बाकी सगळे पडले तरी एकटे मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले. गोळ्या संपल्या तेव्हा बंदूक उलटी धरून दस्त्यानं लढले, आणि ठाणं घेतल्यावर लपलेल्या नेमबाजांनी टिपलं. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

पण मला सांगायचंय ते पुढचं. २०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने नावाच्या लहानशा गावानं त्यांच्या नावानं स्मारक उभारलं. स्मारक म्हणजे चालू स्थितीतलं सूर्यघड्याळ. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली. आता नानांच्या हिशेबानं घाडगेही इंग्रजांसाठीच लढले. इटलीतल्या त्या गावाला तसं वाटत नसावं.

निष्पक्ष_नाना
माणगावकर, दुसरं महायुद्ध वेगळं होतं, समोर फॅसिस्ट होते. पण सूर्यघड्याळ आवडलं. हार घालावा लागत नाही, फ्लेक्स लावता येत नाही.

चौकातला_फ्लेक्स
नाना, आमच्या गावची हुतात्मा स्वागत कमान बघितली नाहीत म्हणून बोलताय. डावीकडं नेते, उजवीकडं नेते, वर सौजन्य, खाली शुभेच्छुक चौदा. ज्याच्या नावानं कमान त्याचं नाव वाचायला गाडी थांबवावी लागते. थांबवली की मागचा हॉर्न देतो.

शुद्धलेखन_पोलीस
वर कोणी हुतात्मा लिहिलंय, कोणी शहीद. मराठीत हुतात्मा म्हणा ना.

सुभेदार_निवृत्त
आम्ही पलटणीत दोन्ही म्हणत नव्हतो. 'तो गेला' म्हणायचो. पुढं त्याची पेटी कोण बांधणार, एवढंच बोलणं व्हायचं.

शुद्धलेखन_पोलीस
बरं.

माहेरवाशीण
मी सहसा नुसती वाचते. आज लिहिते.

माझ्या आजीच्या चुलत सासूचा नवरा बसऱ्याला गेलेला. परत आला नाही. म्हातारीला पेन्शन होती, ती आणायला वर्षातून काही वेळा तालुक्याला जावं लागे. तिथला कारकून अंगठा घ्यायच्या आधी विचारायचा, "मयताचं नाव?" नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. म्हणून ती दरवेळी शेजारचा एक पोरगा बरोबर न्यायची, नाव सांगायला. पोरानं नाव सांगायचं, हिनं अंगठा द्यायचा, येताना पोराला शेव-चिवडा. पोरं मोठी होत गेली तशी ती नवीन पोरगं धरायची.

माझी आजी हसत हसत सांगायची ही गोष्ट. मी एकदा विचारलं, मग नाव काय होतं गं? आजी म्हणाली, मला कुठं नेलं होतं तिनं, ती पोरगेच न्यायची.

मिरची_भजी
ताई, यावर काही लिहिता येत नाही.

शोधयात्री
माहेरवाशीण, गाव आणि आडनाव व्यक्तिगत निरोपात कळवा. शोधते.

दगडधोंडे
+१. आणि तारळीकाठ, यात तुम्हाला वाट आहे. कागदाआधी माणसं शोधा. पेन्शनला बरोबर गेलेल्या एखाद्या पोराचा मुलगा अजून गावात असेल.

तारळीकाठ
दीड महिन्यानं येतोय, क्षमस्व. बराच पळालो.

दगड निघाला. दगडधोंडेंनी सांगितल्याप्रमाणे सत्तरीचे गवंडी शोधले. त्यांनी एक अख्खा दिवस घेतला, एक कोपरा किंचित उडालाय पण तो आधीच हलका होता म्हणाले. सध्या तो माझ्या घरी, पोत्यात गुंडाळून धान्याच्या कोठीजवळ. ग्रामसभेत अपशिंग्याकडचे दोन माजी सैनिक आले होते. पेठेतला यांचा अंदाज खरा निघाला. त्यांनी भाषण केलं नाही, नुसते पुढच्या ओळीत बसून राहिले. टाईल्सचा विषय निघालाच नाही. नव्या इमारतीच्या बाहेर, झेंड्याच्या कट्ट्याला दगड लावायचं ठरलं.

नावं: तीन सापडली. दोघं मराठा पलटणीतले, वहीत गावाचं नाव इतकं वाकडं लिहिलंय की शोधयात्रींची युक्ती नसती तर जन्मात कळलं नसतं. दोघांचीही नोंद बसऱ्याच्या स्मारकात. तिसरा खेचरांच्या तुकडीतला ड्रायव्हर. कांबळे सर, तो वस्तीतला निघाला. त्याचा पणतू गावातच राहतो, आणि त्याच्या घरात नाव तोंडपाठ होतं. आम्हीच कधी विचारलं नव्हतं.

आता नवी भानगड. पहिल्या दोघांतल्या एकाचं नाव वहीत सखाराम आहे. घरचे म्हणतात सखोजी, भावकीतले म्हणतात सखोबा. परवा पारावर यावरून जोरात वाजलं. शंभर वर्षं नाव नव्हतं, आता तीन आहेत.

सुभेदार_निवृत्त
कागदावरचं कोरा. पलटणीत हजेरी त्याच नावानं घेतली असणार, 'हजर' त्याच नावाला म्हणाला असणार.

माहेरवाशीण
मी म्हणेन घरचं कोरा. हजेरीचं नाव शंभर वर्षं वहीत होतंच की.

निष्पक्ष_नाना
ड्रायव्हरचं नाव पहिलं लावा. माझी हाराबद्दलची हरकत तशीच आहे, पण ती यादीबद्दल नाही.

शुद्धलेखन_पोलीस
काहीही ठरवा, पण कोरण्याआधी इथं मजकूर टाका. दगडावर एडिटची सोय नसते.

दगडधोंडे
जुन्या दगडावर एक टाकाही मारू नका. खाली वेगळा काळा दगड लावा, नावं त्यावर. आणि नुसता रंग भरून देणारे खूप आहेत, दोन पावसाळ्यात जातो. खोल कोरून घ्या.

तारळीकाठ
हो, काळा दगड सांगितलाय. नाव घरच्यांचं लावतोय, सखोजी. घरात सगळ्यात वयस्कर बाई होत्या, त्यांनी ठरवलं, वाद संपला. नावं वयाच्या क्रमानं लावायची होती, पण वय एकाचंच मिळालं. म्हणून नानांचं ऐकलं, ड्रायव्हर पहिला.

चौथा सापडला नाही. त्याची ओळ मोकळी सोडायला सांगितलीय. कोरणारा अक्षरामागं पैसे घेतो. मोकळ्या ओळीचं काय म्हटलं, तर म्हणाला नाव मिळेल तेव्हा या, फुकट कोरून देतो, फक्त मी असेपर्यंत या.

मिरची_भजी
लागला की फोटो टाका.